अलास्कातील सार्वजनिक केबिन भाड्याने घेताना: आधी वाट ठरवा, केबिन नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सिएटलला राहता, जुलैच्या अखेरीस आठ आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांसह अलास्कात जायचे आहे, आणि केचिकनजवळच्या मिस्टी फ्योर्ड्स भागातील एका तळ्याकाठची फॉरेस्ट सर्व्हिसची (अमेरिकेच्या सरकारी वनखात्याची) केबिन तुम्हाला सलग तीन रात्रींसाठी मोकळी दिसते आहे. तिथे फक्त सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने, जाता येते. चौथ्या दिवशी सकाळी केबिन सोडायची आणि त्याच दिवशी दुपारच्या विमानाने सिएटलला परतायचे, असा तुमचा बेत आहे. केबिनमध्ये काय काय असते, काय न्यावे लागते, मुलांसाठी ती सुरक्षित आहे का आणि भाडे इतके कमी का, हे तुम्ही विचारले आहे.

या चारही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे. मात्र या बेतातली खरी अडचण त्यांच्यापैकी कशातच नाही. ती चौथ्या दिवसाच्या दुपारच्या विमानात आहे. अशा केबिनमध्ये राहणे फारसे अवघड नसते. ठरलेल्या दिवशी तिथे पोहोचणे आणि ठरलेल्या दिवशी तिथून निघणे मात्र तुमच्या हातात नसते, आणि तुमच्या बेतात त्यासाठी एक दिवसही राखून ठेवलेला नाही. मी अलास्काच्या आग्नेय भागात राहतो, वर्षानुवर्षे या केबिनींमध्ये जात आलो आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्या अनेक कुटुंबांना बेत आखायला मदत केली आहे. मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो: आधी जायची-यायची वाट ठरवा, मग ऊब कशी मिळणार ते पाहा आणि केबिन शेवटी निवडा. संकेतस्थळावर छायाचित्रे आधी दिसतात, त्यामुळे बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा करतात.

आधी या केबिनी म्हणजे काय ते स्पष्ट करतो, कारण 'केबिन' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर लहानसे हॉटेल येते. टोंगास हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन आहे. त्याचे क्षेत्र सुमारे 1 कोटी 70 लाख एकर आहे आणि त्यात फॉरेस्ट सर्व्हिसच्या शंभराहून अधिक केबिनी विखुरलेल्या आहेत. अँकरेजच्या बाजूला चुगाच या राष्ट्रीय वनातही अशा केबिनी आहेत. बहुतेक केबिनी म्हणजे एकच खोली असते. गादी नसलेले लाकडी बंक, एक टेबल, बाके, उबेसाठी एक स्टोव्ह, झाडू आणि थोड्या अंतरावर खड्ड्याचे शौचालय, एवढेच तिथे असते. वीज नसते, नळ नसतो, अंथरूण-पांघरूण नसते, भांडी असतीलच असे नाही, आणि स्वयंपाकाचा स्टोव्ह तुमचा तुम्हालाच न्यावा लागतो. राखणदार नसतो. दुर्गम केबिनींना बहुधा कुलूपही नसते. तुमच्या नावाचे आरक्षण हाच तुमचा हक्क असतो. भाडे कमी असण्याचे कारण इतकेच आहे, त्यामागे कसलीही फसवणूक नाही. तुम्ही छप्पर, चार भिंती आणि स्टोव्ह भाड्याने घेत असता, बाकी सगळे तुम्ही सोबत नेता आणि परत आणता.

यातल्या काही केबिनी कायद्याने संरक्षित अशा अस्पर्शित वनक्षेत्रात आहेत, आणि तुम्ही निवडलेला मिस्टी फ्योर्ड्सचा बराचसा भागही तसाच आहे. 1964 च्या वाइल्डरनेस ॲक्टनुसार अशा क्षेत्रात एरवी मोटारी, यंत्रे आणि बांधकामे यांना मज्जाव असतो. अलास्कात रस्तेच नसल्याने 1980 च्या अलास्का भूमीविषयक कायद्याने सीप्लेन, मोटारबोट आणि आधीपासून असलेल्या सार्वजनिक केबिनी यांना सवलत दिली. म्हणून तुम्हाला तिथे विमानाने उतरता येते. पण त्या प्रदेशाचा स्वभाव या सवलतीने बदलत नाही. तळ्याच्या काठी पायवाट असेलच असे नाही, शेजार नसतो आणि मोबाइलला सिग्नल नसतो.

आता वाटेकडे वळतो. सीप्लेन चालवणारे वैमानिक बहुतांशी डोळ्यांना दिसणाऱ्या भूभागाच्या आधाराने उडतात. ढग खाली आले, खिंडीत धुके साचले किंवा तळ्यावर जोराचा वारा असला, की ते उड्डाण करत नाहीत, आणि हा निर्णय पूर्णपणे त्यांचा असतो. केचिकनला वर्षाला 140 इंचांच्या आसपास पाऊस पडतो. जुलै हा तिथला तुलनेने कोरडा काळ असला तरी दिवसभर ढग डोंगरांवरून न हलणे ही उन्हाळ्यातलीही नेहमीची गोष्ट आहे. वैमानिकाने 'आज नाही' म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये आणि त्याला आग्रहही करू नये. ज्याच्या पाठीमागे दुपारचे विमान लागलेले असते असा प्रवासी नकळत आग्रह करतो, आणि म्हणूनच परतीचे विमान इतके जवळ ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. केचिकनचा विमानतळ शहरासमोरच्या ग्रॅव्हिना बेटावर आहे आणि तिथे जायला फेरीबोट घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या. तळ्यावरून उचलले जाणे, सामान आवरणे, फेरी आणि सुरक्षा तपासणी हे सगळे एका सकाळीत बसवणे चांगल्या हवेतही अवघड आहे.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे की सीप्लेनने जायचे असेल, तर केबिनमधून निघण्याचा दिवस आणि मोठ्या विमानाचा दिवस यांच्यात किमान एक आणि शक्य असल्यास दोन दिवस मोकळे ठेवायचे. हवा चांगली राहिली, तर ते दिवस केचिकनमध्ये आनंदात जातात. हवा बिघडली, तर तेच दिवस बेत सावरतात. त्याच हिशेबाने अन्न आणि कोणाची औषधे चालू असतील तर तीही ठरल्यापेक्षा दोन-तीन दिवसांची जास्त न्यावीत. मुलांसाठी हे शिल्लक अन्न त्यांच्या आवडीचे असावे. अडकून पडलेल्या तिसऱ्या दिवशी आवडीचा खाऊ निघाला, की मुले शांत राहतात, आणि मुले शांत राहिली की मोठ्यांचे निर्णयही शांतपणे होतात.

खर्चाची एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वैमानिक तुम्हाला सोडून रिकामा परततो आणि न्यायला पुन्हा रिकामा येतो. म्हणजे चार एकेरी उड्डाणांचा खर्च तुमच्या खात्यावर पडतो, आणि दर बहुधा माणशी नसून संपूर्ण विमानाचा असतो. त्यामुळे तीन रात्रींच्या भाड्यापेक्षा विमानाचा खर्च कित्येक पट होऊ शकतो. केबिन आरक्षित करण्यापूर्वी दोन-तीन विमानसेवांकडून त्याच तळ्याचे नाव सांगून दर विचारा, त्या तारखांना विमान उपलब्ध आहे का ते पाहा, आणि हवेमुळे उड्डाण रद्द झाले तर पैशांचे काय होते हेही स्पष्ट करून घ्या. ते प्रत्येकाचे आणि सामानाचे वजन विचारतील. ते प्रामाणिकपणे सांगा, कारण लहान विमानात चार माणसे, सामान आणि इंधन यांचा हिशेब पौंडापौंडाने करावा लागतो. कडक चौकोनी पेट्यांऐवजी मऊ पिशव्या न्याव्यात. फ्लोटच्या, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या पोकळ भागांच्या, आणि शेपटीकडच्या अरुंद जागांत त्या सहज बसतात.

सीप्लेनच हवे असा तुमचा आग्रह नसेल, तर पहिल्या वेळेसाठी मी पायवाटेने जाता येणारी केबिन सुचवेन. अलास्काची राजधानी जूनो हिच्या रस्त्यांवरून सुरू होणाऱ्या पायवाटांवर अशा काही केबिनी आहेत. त्यांपैकी विंडफॉल लेकची केबिन साडेतीन मैलांच्या आसपास आहे आणि वाटेत मोठा चढ नाही. तुमच्या मुलांच्या वयाला हे अंतर झेपण्यासारखे आहे, आणि काही बिनसले तर तुम्ही स्वतःच्या पायांनी परत येऊ शकता. सीप्लेनच्या केबिनमध्ये नेमकी हीच सोय नसते. आणखी मोठे चालायची तयारी असेल, तर चुगाचमध्ये होप ते कूपर लँडिंग अशी 38 मैलांची रेझरेक्शन पास पायवाट आहे. तिच्यावर जागोजागी केबिनी असल्यामुळे मुक्काम करत जाता येते, पण ती सलग सगळी चालणे आठ वर्षांच्या मुलासाठी मी पहिल्या खेपेला योग्य मानत नाही. दोन्ही टोकांकडच्या एखाद्या केबिनपर्यंत जाऊन परत येणे मात्र उत्तम.

बोटीने जाण्याच्या केबिनींबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती महत्त्वाची आहे. आग्नेय अलास्कात भरती-ओहोटीतील फरक काही दिवशी 20 फुटांपेक्षाही जास्त असतो. भरतीच्या वेळी केबिनच्या दारापाशी लागलेली बोट सहा तासांनी चिखलात आणि खडकांत कितीतरी अंतरावर उघडी पडलेली असते. भाड्याने बोट घेऊन स्वतः जाण्याचा विचार असेल आणि भरतीचे तक्ते वाचून बोट नांगरण्याची सवय नसेल, तर तो विचार सोडून द्यावा आणि सोडून-आणणारी बोटसेवा घ्यावी.

वाट ठरली की पुढचा प्रश्न उबेचा, आणि माझ्या मते केबिनची निवड यावर ठरायला हवी. उन्हाळ्यातही तिथे ओले होऊन थंडीने शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरणे शक्य असते, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते मोठ्यांपेक्षा लवकर होते. केबिनमधला स्टोव्ह एकतर लाकडावर चालतो किंवा तेलावर. आरक्षणाच्या संकेतस्थळावरील केबिनच्या पानावर ते लिहिलेले असते. रेझरेक्शन पास वाटेवरची डेव्हिल्स पास केबिन झाडांच्या रेषेच्या वर आहे. तिथे जळण मिळण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तिथे तेलाचा स्टोव्ह आहे. हे जो वाचत नाही तो कुऱ्हाड घेऊन पोहोचतो आणि रात्रभर कुडकुडतो.

तेलाच्या स्टोव्हचे तेल तुम्हालाच न्यावे लागते. 'नंबर 1' घरगुती तापनतेल किंवा रॉकेल यांपैकी पानावर जे लिहिले असेल तेच वापरा. पेट्रोल किंवा कंदिलाचे पांढरे इंधन त्यात कधीही घालू नका, त्याने स्फोट होऊ शकतो. किती गॅलन लागेल हे स्टोव्हवर, हवेवर आणि तुम्ही तो किती वेळ चालू ठेवता यावर अवलंबून असते. त्या केबिनपुरता अंदाज फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक रेंजर कचेरीत विचारून घ्यावा. तुमच्या विमानात किती तेल नेता येईल हे वैमानिकाला आधी विचारा आणि तेल केचिकनलाच विकत घ्या, कारण सिएटलहून येणाऱ्या प्रवासी विमानात ते चालत नाही. स्टोव्ह पेटवण्याच्या सूचना बहुधा भिंतीवर लावलेल्या असतात. त्या आधी पूर्ण वाचाव्यात आणि मगच झडप उघडावी. तेल थोडे थोडे आत येऊ द्यावे लागते. पेटत नाही म्हणून झडप जास्त उघडणे हीच नवख्यांची सर्वांत सामान्य चूक असते, कारण त्याने आत तेल साचते आणि मग पेट घेते तेव्हा जाळ आवरत नाही. चुकून तसे झाले, तर झडप बंद करून साचलेले तेल जळून जाईपर्यंत थांबावे, आणि स्टोव्ह गरम असताना त्यात पुन्हा तेल सोडून तो पेटवू नये.

लाकडाच्या स्टोव्हचे गणित वेगळे आहे. जळण काही ठिकाणी रचलेले सापडते, काही ठिकाणी ओंडके असतात पण फोडावे लागतात आणि काही ठिकाणी काहीच नसते. पडलेली, मेलेली झाडेच तोडायची असतात. उभ्या, जिवंत झाडाला हात लावायचा नसतो. या जंगलातले स्प्रूस आणि हेमलॉकचे पडलेले लाकूड बाहेरून स्पंजासारखे ओले असते. ते फोडून आतला कोरडा गाभा काढावा लागतो. म्हणून कुऱ्हाड आणि करवत तर न्यावीच, पण पहिल्या संध्याकाळसाठी कोरड्या बारीक काटक्या आणि आग पेटवायच्या वड्याही पिशवीत घालाव्यात. भिजलेल्या मुलांसह संध्याकाळी पोहोचल्यावर पहिली आग वीस मिनिटांत पेटली पाहिजे. ओले लाकूड फोडण्याचे काम दुसऱ्या दिवशी उजेडात करता येते. जुलैच्या अखेरीस तिथे सोळा तासांच्या आसपास उजेड असतो, त्यामुळे त्याला वेळ भरपूर मिळतो.

स्टोव्ह कोणताही असो, बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे सूचकयंत्र मी नेहमी नेतो आणि तुम्हीही न्यावे. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. स्वयंपाकाचा गॅसचा स्टोव्ह ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटता ठेवू नये आणि स्वयंपाक करताना खिडकी थोडी उघडी असावी. ओले कपडे स्टोव्हच्या अगदी वर टांगू नयेत. ते वाळून खाली पडले की पेट घेतात.

झोपण्यासाठी प्रत्येकाला पातळ गादी आणि उबदार झोपपिशवी लागेल. वरच्या बंकला कठडा असेलच असे नाही, म्हणून आठ वर्षांच्या मुलाला खालचाच बंक द्यावा. शौचालयाचा कागद आपला आपण न्यावा आणि त्या खड्ड्यात कचरा टाकू नये, कारण तो उपसून विमानाने बाहेर काढण्याचे काम कोणाला तरी करावे लागते.

पाणी तळ्यातले किंवा ओढ्यातले घ्यायचे असते. ते स्फटिकासारखे दिसले तरी त्यात जिआर्डियासारखे परजीवी असू शकतात. एक मिनिट खळखळून उकळलेले पाणी सुरक्षित असते. साडेसहा हजार फुटांपेक्षा जास्त उंचीवर तीन मिनिटे उकळावे. गाळणी वापरायची असेल, तर तिची छिद्रे एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असावीत. क्लोरीनच्या गोळ्यांवर एकट्या विसंबू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. बारीक पोकळ तंतूंची गाळणी एकदा गोठली तर आतून फाटते आणि ते बाहेरून कळत नाही. पुढे कधी हिवाळ्यात गेलात, तर ती रात्री झोपपिशवीत ठेवा.

काही तळ्यांकाठच्या केबिनींमध्ये वल्ह्यांची लहान होडी ठेवलेली असते. मुलांना सर्वांत आवडणारी गोष्ट तीच असते आणि सर्वांत जास्त लक्षही तिथेच ठेवावे लागते. जीवरक्षक जाकिटे तिथे असतील असे गृहीत धरू नका. चौघांची, अंगाला बसणारी, सोबत न्या. अशा उघड्या होडीत 13 वर्षांखालील मुलांनी जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या पाण्याच्या थंडपणाकडे पाहता मोठ्यांनीही ते घालायला हवे. होडी गळकी असू शकते आणि कधी कधी मागचे लोक ती नीट ओढून ठेवत नाहीत. तिच्यावर बेत अवलंबून ठेवू नये.

अस्वलांविषयी तुम्ही विशेष काळजीने विचारले आहे. ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ या तीन बेटांवर तपकिरी अस्वले असतात, काळी नसतात. केचिकन ज्या बेटावर आहे तिथे आणि दक्षिणेकडच्या इतर बेटांवर मुख्यतः काळी अस्वले दिसतात, पण मिस्टी फ्योर्ड्सचा मोठा भाग मुख्य भूमीवर असल्याने तिथे दोन्ही गृहीत धरावीत. केबिनच्या भिंती हे मोठे संरक्षण आहे आणि अस्वलांना आमंत्रण मिळते ते आपल्याच वागण्याने. अन्न, कचरा आणि वासाच्या वस्तू घट्ट डब्यांत घालून केबिनच्या आत ठेवाव्यात, ओसरीवर नाही. मासे पकडलेत, तर ते केबिनपाशी साफ करू नयेत. शौचालयाकडे जातानाही मुलांनी एकटे जाऊ नये, बोलत जावे, आणि मोठ्या माणसाच्या कमरेला बेअर स्प्रे (अस्वलाला दूर ठेवणारा तिखट फवारा) असावा, पिशवीत नव्हे. अस्वल दिसले तर पळायचे नाही, एकत्र उभे राहून शांत आवाजात बोलत मागे सरायचे, हे मुलांकडून घरीच दोन-तीनदा करून घ्या. बेअर स्प्रे प्रवासी विमानात हातातल्या किंवा चढवलेल्या सामानातही नेता येत नाही. तो केचिकनला घ्यावा आणि सीप्लेनच्या वैमानिकाकडे स्वतंत्रपणे द्यावा. तो बहुधा फ्लोटमधल्या कप्प्यात ठेवतात, कारण विमानाच्या आत तो फुटला तर वैमानिकाला दिसेनासे होईल.

तुम्ही ओघात असेही विचारले होते की मॉन्टाना-आयडाहोतील जुने वणवा-टेहळणीचे मनोरे भाड्याने मिळतात, ते अधिक सोपे पडतील का. ते सुंदर आहेत यात शंका नाही. 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मॉन्टानात सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले, आणि त्यानंतरच्या दशकांत असे मनोरे मोठ्या प्रमाणात उभे राहिले. 1930 च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर या सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी त्यातले पुष्कळ बांधले. त्यांतल्या काहींपर्यंत गाडी जाते. पण उंच खांबांवरची चौदा फूट बाय चौदा फुटांची काचेची खोली, भोवती अरुंद सज्जा आणि चढायला उभा जिना, अशी ती रचना असते. आठ वर्षांच्या मुलासाठी मला ती अलास्कातल्या अस्वलांपेक्षा जास्त काळजीची वाटते. शिवाय पश्चिमेकडच्या राज्यांत उंदरांच्या विष्ठेतून हंताविषाणूचा धोका असतो. केबिन असो वा मनोरा, आत शिरल्यावर दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे. लेंड्या दिसल्यास कोरड्या झाडूने झाडू नये, कारण झाडल्याने धूळ श्वासात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण त्यांवर ओतून पाच मिनिटे भिजू द्यावे आणि हातमोजे घालून कागदाने पुसून घ्यावे.

आरक्षणाचे तंत्र त्या मानाने सरळ आहे. फॉरेस्ट सर्व्हिसच्या केबिनी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून मिळतात. अलास्का राज्याच्या उद्यानांतील केबिनींची व्यवस्था वेगळी आहे. बहुतेक केबिनींच्या तारखा सुमारे सहा महिने आधी खुल्या होतात, आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवारच्या तारखा लवकर जातात. केबिनींसाठी रद्द करण्याचे नियम तंबूच्या जागांपेक्षा कडक असतात. मुक्कामाच्या तारखेला दोन आठवडे उरल्यानंतर रद्द केल्यास रद्द करण्याच्या शुल्कासोबत पहिल्या रात्रीचे भाडेही जाते, म्हणून पैसे भरण्याआधी त्या केबिनच्या पानावरील नियम वाचून घ्या. त्यानंतर रेंजर कचेरीला फोन करावा. संकेतस्थळावरचे वर्णन जुने असू शकते, फोनवरच्या माणसाला मात्र मागच्या आठवड्यातली स्थिती माहीत असते. 'केबिन चांगली आहे का' असे विचारू नका, त्याला उत्तर 'हो' असेच मिळते. स्टोव्ह चालू आहे का, जळण आहे का, होडी आहे का, पाणी किती अंतरावर आहे, वाटेवर झाडे पडली आहेत का आणि अलीकडे अस्वलाने त्रास दिला आहे का, असे नेमके प्रश्न विचारा.

संपर्कासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण भाड्यानेही मिळते. मुलांसह जाताना ते मी ऐच्छिक मानत नाही. ते कसे चालवायचे हे दोघाही पालकांना आले पाहिजे. घरी एका जबाबदार व्यक्तीकडे केबिनचे नाव, विमानसेवेचा फोन आणि परतीची तारीख लिहून द्या. तुम्ही ठरल्या संध्याकाळी परतला नाहीत, तर त्या व्यक्तीने आधी विमानसेवेला विचारावे, थेट शोधपथकाला नाही, हेही त्यातच लिहा. हवा बिघडून एक दिवस अडकणे ही तिथली साधी घटना आहे, आणि घरच्यांना ती आधीच माहीत असली तर कोणाचीही धावपळ होत नाही.

तेव्हा तुमच्या बेतात मी दोनपैकी एक बदल करेन. याच केबिनमध्ये जायचे असेल, तर तीन रात्रींच्या दोन कराव्यात आणि सिएटलचे विमान दोन दिवस पुढे ढकलावे. विमान पुढे ढकलणे शक्य नसेल, तर या वर्षी जूनोजवळच्या पायवाटेवरची केबिन घ्यावी आणि सीप्लेन पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवावे. मुले तोपर्यंत एक वर्षाने मोठी झालेली असतील आणि तुमचा स्वतःचा स्टोव्ह पेटवण्याचा हातही बसलेला असेल.

कोणत्याही केबिनमधून निघताना वेळ हाताशी ठेवा, कारण विमानाचा आवाज कानावर आल्यावर घाई होते आणि नेमके त्यातच काहीतरी राहून जाते. स्टोव्हची झडप बंद करणे, राख पूर्ण थंड झाल्याची खात्री करणे, उरलेले सर्व अन्न परत नेणे, केबिन झाडणे, होडी उलटी करून बांधणे आणि खिडक्या लावणे ही कामे आदल्या संध्याकाळपासूनच सुरू करा. निदान एका रात्रीचे फोडलेले जळण आणि मूठभर कोरड्या काटक्या आत, छपराखाली रचून ठेवा. काही मोडलेले दिसले, तर नोंदवहीत लिहून थांबू नका. केचिकनला पोहोचल्यावर रेंजर कचेरीला कळवा, म्हणजे दुरुस्तीचे सामान घेऊन जाणाऱ्या माणसाला पुढच्या फेरीत काय न्यायचे ते कळेल.